आधी झाडाची साल बघा, मग आमरी शोधा

पाऊस ओसरल्यावर दोन दिवस जंगलात होतो, झाडांवर वाढणाऱ्या आमरी (म्हणजे ऑर्किड) आणि नेचे (फर्न) बघायला. पहिला दिवस माना दुखेपर्यंत वर बघण्यात गेला, हाती फारसं लागलं नाही. दुसऱ्या दिवशी आधी झाड पारखायचं ठरवलं, आणि मग एकेक जागा आपोआप दिसू लागली.

एका वळणावर ऐन आणि नाणा ही दोन झाडं शेजारी शेजारी उभी होती. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी, चौकोनी भेगांची. भेगांत पाणी मुरतं, पालापाचोळ्याचा चुरा अडकतो आणि आमरीचं धुळीइतकं बारीक बी टेकतं. या बियांत अन्नाचा साठा जवळजवळ नसतोच. योग्य बुरशीची साथ मिळाली तरच त्या रुजतात. ऐनावर सीतेची वेणी या आमरीची जाड मुळं सालीला घट्ट धरून होती. नाण्याची साल मात्र गुळगुळीत, पापुद्रे सुटणारी. चिमुकलं रोप धरलं तरी पापुद्र्यासकट खाली येणार. त्याचं खोड कोरंच होतं. पण वर बेचक्यात नेच्याचा केवढा झुबका! साल कशीही असो, बेचक्यात पानं कुजून माती साठते.

खोडाचा कलही बघा. एका तिरक्या झाडाची वरची बाजू शेवाळाने मखमली, खालची कोरडी ठाक. पाऊस झेलते ती वरचीच बाजू. सरळ खोडावरून पाणी झरकन ओघळून जातं. आडव्या, जाड, जुन्या फांद्या मला सर्वांत श्रीमंत वाटल्या. १९७४ साली जोहान्सन या अभ्यासकाने पश्चिम आफ्रिकेतल्या जंगलांसाठी झाडाचे पाच भाग पाडले होते: बुंधा, खोड आणि फांद्यांचे आतला, मधला, टोकाकडचा असे तीन. वहीत तशाच नोंदी ठेवा, फार सोपं जातं.

दुर्बीण हवीच. सर थांबल्यावर लगेच निघा: पाण्याचे ओघळ खोडावर काळे दिसतात आणि आमरीची एरवी रुपेरी, सालीत मिसळून जाणारी मुळं भिजून हिरवी होतात. बांडगुळाशी गल्लत करू नका; ते झाडाच्या आत शिरून रस ओढतं, आमरी नुसती सालीवर बसते. म्हणून झाड वाचवायला म्हणून कुणी ती ओरबाडत असेल तर थांबवा. आणि वाऱ्याने पडलेली फांदी दिसली की तिथे गुडघे टेकून बसा. शेंड्याजवळची इवली रोपं एवढ्या जवळून बघायला मिळतात ती तिथेच.