एकट्या माणसाचा चाकू

सर्व्हायव्हल नाइफ विकत घेणारा माणूस मनातल्या मनात आधीच हरवलेला असतो. वाट चुकलीय, मोबाइलला रेंज नाही, डबा संपलाय, अंधारून आलंय आणि कमरेला फक्त एक चाकू. हे चित्र डोळ्यांसमोर आल्याशिवाय कुणी एवढे पैसे मोजत नाही. मीही नाशिकच्या कॉलेज रोडच्या फ्लॅटमध्ये चहा पीत, अंगावर शाल घेऊन हे चित्र पाहिलं आणि ऑर्डर टाकली. माझ्या रोजच्या आयुष्यात हरवण्याचा सगळ्यात मोठा धोका म्हणजे सीबीएस बसस्थानकाच्या सिग्नलला चुकीच्या बाजूला अडकणं. पण चित्राला ते कोण सांगणार?

चाकू मात्र खरोखर देखणा निघाला. पाच इंचांच्या आतबाहेर पातं, चांगलं जाडजूड. पात्याची पट्टी मुठीच्या आत न संपता पार शेवटापर्यंत गेलेली. याला फुल टँग म्हणतात, आणि मूठ उद्या फुटली तरी हातात चाकू उरतो तो यामुळे. पोलाद हाय कार्बन, म्हणजे शंभर भागांत साधारण एक भाग कार्बन. धार टिकते, दगडावर पटकन लागते, पण गंज चढतो. म्यानाला एक काळी कांडी अडकवलेली, ठिणग्या पाडायला. पात्याची पाठ मुद्दाम काटकोनात घासून कडक कडांची ठेवलेली, तीही ठिणग्यांसाठीच. एकूण काय, बनवणाऱ्याने माझ्याइतकाच मन लावून तो हरवलेला माणूस पाहिला होता.

पार्सल आलं नवरात्रात. आईने ते ताब्यात घेतलं आणि खंडेनवमीच्या पाटावर विळी, अडकित्ता, कात्री आणि माझा स्क्रू ड्रायव्हर यांच्या रांगेत नेऊन ठेवलं. पूजेच्या आधी वापरायचा नाही, हा हुकूम. दुसऱ्या दिवशी पाहतो तर ओल्या कुंकवाचं बोट जिथे टेकलं होतं तिथे तांबूस डाग. मी हळहळलो. आई म्हणाली, "लोखंड आहे ते, गंजणारच. आमच्या विळीवर वांगं चिरलं तर वांगं काळं पडायचं आणि विळीपण. कुणी रडत नव्हतं." नंतर वाचलं, तर या चाकूंचे शौकीन मुद्दाम लिंबू नाहीतर व्हिनेगर लावून पातं काळं करतात. तो काळा थर बसला की तांबडा गंज सहजी चढत नाही. आईच्या विळीला हा उपचार न सांगता मिळालेला होता.

आता हे हत्यार घेऊन जायचं कुठे? आपल्या शस्त्र नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पातं शस्त्रांत मोडतं. घरकामाची आणि शेतीची अवजारं त्यातून सुटतात. माझा चाकू मापात बसत होता. पण सणासुदीला, निवडणुकीला शहरात मनाई आदेश निघतात, तेव्हा चौकात हवालदारासमोर इंचपट्टी काढून बसायची हौस मला नव्हती. डोंगराचं म्हणाल, तर वनखात्याच्या हद्दीत आग पेटवणं १९२७ च्या वन कायद्याने गुन्हा आहे, आणि तो असायलाच हवा. ब्रह्मगिरी, अंजनेरी, पांडवलेणीचा डोंगर, पावसाळा सरून गवत पिवळं पडलं की एका ठिणगीचे धनी. दरवर्षी वणव्यांचे फोटो बघून चरफडणाऱ्या माणसाने तिथे जाऊन ठिणग्या पाडाव्यात, हे बरं दिसलं नसतं.

म्हणून गिरणाऱ्याला, मावसभावाच्या मळ्यात गेलो. दादाचा द्राक्षबाग आहे, कडेला कांदा आणि गहू. डिसेंबर होता, ऑक्टोबरातली गोडी छाटणी होऊन काड्यांचा ढीग बांधावर वाळत पडलेला. निफाडचा पारा किती खाली गेला याची बातमी रोज पेपरात येत होती. शेकोटीला याहून चांगलं निमित्त कुठलं?

मला वाटलं होतं, एका कोपऱ्यात शांतपणे आपलं आपण करू. पण मळ्यात कोपरा नसतो. मी म्यान उघडलं तेव्हा पुतण्या समोर उभा होता, दादा मोटरचं काम सोडून आला, वहिनी चहा घेऊन आल्या त्या परत गेल्याच नाहीत, आणि बागेत कामाला आलेली हरसूलकडची मंडळी एकेक करून बांधावर टेकली. त्यात एक साठीचे बाबा होते. त्यांच्या कमरेला मागच्या बाजूला लाकडी आकडीत कोयता लटकत होता. माझ्या चाकूकडे त्यांनी पाहिलं, पण बोलले काही नाहीत.

पहिला प्रयोग लाकूड तासायचा. काडीच्या एका टोकाला पातळ साली सोलत जायच्या, पण तोडायच्या नाहीत. त्या तशाच कुरळ्या होऊन काडीला लटकत राहतात आणि ठिणगीवर लवकर पेट घेतात. व्हिडिओत हे पाइनच्या नाहीतर बर्चच्या लाकडावर करतात. मला मिळाली बाभूळ. बाभळीने कुरळी साल देण्याऐवजी टणाटण कपच्या फेकल्या. बैलगाडीची चाकं आणि नांगर जिच्यातून झाले, ती अशी नखऱ्याला बधणार थोडीच! मग जुन्या चौकटीचा सागाचा तुकडा घेतला. साग वश झाला. पिवळसर वळसे एकामागून एक निघायला लागले, आणि तो तेलकट, कडवट वास. या एका कामासाठी मला चाकूचे पैसे वसूल झाल्यासारखे वाटले. मूठ हातात फिरत नाही, अंगठा पाठीवर नीट बसतो, आणि हात एकदा लयीत आला की किती वेळ गेला ते कळत नाही. सागात सिलिका असते, ती धार खाते. तासाभरात ते बोटाला जाणवायलाही लागलं.

दुसरा प्रयोग म्हणजे तमाशा. या जातीच्या चाकूने जाड लाकूडही फोडता येतं, ते असं की पातं लाकडावर आडवं ठेवायचं आणि पाठीवर दांडक्याने ठोकत आत उतरवायचं. मी ठोकायला लागलो तसा पुतण्या कळवळला.

"काका, चाकूला का मारताय?"

"मारत नाही रे. ही पद्धत आहे."

"मग कुऱ्हाड आणू का?"

एकट्या, हरवलेल्या माणसाकडे कुऱ्हाड नसते, हे त्याला कसं समजवायचं? त्याच्या मागे चार पावलांवर कुऱ्हाड होती. पातं बाभळीच्या गाठीपर्यंत गेलं आणि तिथे रुतून बसलं. शेवटी दादाने पाचर मारून ते सोडवलं. धारेला काही झालं नव्हतं, हे चाकूच्या बाजूने नोंदवून ठेवतो.

मग बांबू. बांबूवर चाकू ठेवून एक ठोका दिला की तो सरळ दोन फाका होऊन पडतो. बघणाऱ्याला वाटतं, काय धार आहे! खरं तर बांबूचे तंतूच उभे, तो फाटायला बसलेलाच असतो. मी ऐटीत चार फाका केल्या. तेव्हा बाबा उठले. कोयता काढला, फाकेच्या तोंडाला टेकवला, मनगट जरासं वळवलं आणि हाताने फाक पुढे रेटत नेली. ठोकाठोकी नाही. एका जाडीच्या कामट्या निघत गेल्या, टोपली विणायला घ्याव्यात अशा. मग त्यांनी माझा चाकू मागितला, दोन बोटांवर तोलून पाहिला आणि म्हणाले, "याचं वजन मागं हाये, भाऊ. तासाया चांगला. तोडाया नाही."

एवढं नेमकं परीक्षण मी कुठल्याही व्हिडिओत ऐकलं नव्हतं. चाकूचा तोल मुठीपाशी असतो, म्हणून बोटं ठरवतील तसं पातं फिरतं. कोयत्याचं वजन टोकाकडे, म्हणून तो स्वतःच्या भारानं घाव घालतो, आणि टोकाची आत वळलेली चोच फांदी निसटू देत नाही. त्यांचा कोयता ट्रकच्या पाट्यातून लोहाराने घडवलेला. पाटा म्हणजे ट्रकभर ओझं वर्षानुवर्षं वाकून झेललेलं पोलाद. ते पुन्हा तापवून, ठोकून, पाणी देऊन घाव घालायला लावलेलं. बाबांनी माझ्या चाकूची किंमत विचारली. मी निम्मी सांगितली. तरी ते हसून म्हणाले, "येवढ्यात कोयता, कुऱ्हाड, विळा, सगळं येईल. वर बाजारात जेवण बी होईल."

ठिणग्यांच्या वेळी मात्र चाकूची बाजू वर आली. ती काळी कांडी फेरोसेरियमची. कार्ल आउअर फॉन वेल्सबाख नावाच्या ऑस्ट्रियन रसायनशास्त्रज्ञाने १९०३ मध्ये तिचं पेटंट घेतलं. सिगारेटच्या लायटरमधला खडाही त्याच धातूचा. आणि आपल्याकडे लग्नाच्या वरातीत डोक्यावर मिरवायच्या त्या बत्तीतली जाळीदार मॅन्टलही याच गृहस्थाची. पात्याच्या पाठीने कांडी खरवडली की तिचे कण हवेत पेटतात, तीन हजार अंश सेल्सियसच्या घरात. सागाच्या कुरळ्यांवर ठिणग्या पडल्या, विझल्या, पुन्हा पडल्या, विझल्या. थंडीतलं दव सगळ्यात शिरलेलं. वहिनी काही न बोलता घरात गेल्या आणि जुन्या उशीतला चिमूटभर सावरीचा कापूस घेऊन आल्या. एका फटक्यात भक्क! द्राक्षाच्या काड्यांनी धडाधड पेट घेतला, आणि सगळ्यांनी हात पुढे केले.

शेकताना बाबांनी बांधावरची एक गारगोटी उचलली. आमचा सगळा मुलूख लाव्हाच्या खडकाचा. त्याच्या पोकळ्यांत स्फटिक धरलेले असतात, सिन्नरला त्यांचं अख्खं संग्रहालय आहे. बाबांनी गारगोटीची धारदार कड माझ्या पात्याच्या पाठीवर तिरकी मारली. बारीक, तांबड्या ठिणग्या. इथे उलटा हिशोब असतो: कांडीच्या वेळी पोलाद कांडीला खरवडतं, गारगोटीच्या वेळी दगड पोलादाला, आणि पेटतो तो लोखंडाचा कण. त्या ठिणगीत फार दम नसतो, तिला अर्धवट जळालेलं सुती फडकंच लागतं. चिलीम ओढणारे जुने लोक तसं फडकं डबीत जपून ठेवत, असं बाबा म्हणाले. मला पात्याच्या पाठीवर उठलेल्या ओरखड्यांचं वाईट वाटत होतं. ते मी बोललो नाही.

गिरणाऱ्यापासून गंगापूर धरण जवळच. तिथल्या गोदाकाठी, गंगावाडीला, पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलियांना अश्मयुगातली दगडी हत्यारं सापडली होती. लाखभर वर्षांहून जुन्या त्या हातकुऱ्हाडी मुठीत धरून वापरायच्या. नवं हत्यार रानात नेऊन पारखायची हौस या नदीकाठाला नवी नाही. फक्त त्या वेळीसुद्धा दगड फोडणाऱ्याभोवती चार जण कोंडाळं करून बसले असतील आणि एखादी बाई म्हणाली असेल, अरे असा नको, तसा धर.

मला खटकत होतं ते हेच. हा चाकू ज्या माणसासाठी घडवला, तो एकटा आहे. विचारायला कुणी नाही, मागायला कुणी नाही, म्हणून एकाच पात्याने तासायचं, फोडायचं, पेटवायचं, सगळं करायचं. आमच्या डोंगरात असा एकटा माणूस सापडत नाही. अंजनेरीच्या पठारावर वाट चुकलात तर गुराखी हाक मारतो. हरिहर किल्ल्याच्या पायथ्याला ताकवाली मावशी तुम्ही कुठून आलात, लग्न झालं का, इथपर्यंत चौकशी करते. इथला जगण्याचा सरंजाम चार घरांत वाटलेला: कुऱ्हाड दादाकडे, कापूस वहिनींकडे, कोयता बाबांकडे.

असं मी म्हणत होतो रात्री आठच्या सुमाराला. मग दादा म्हणाला, "चल. लाईट आली."

शेतीपंपाची थ्री फेज लाईट पाळीने दिवसा, पाळीने रात्री. त्या आठवड्यात रात्रपाळी. गव्हाला पाणी धरायला जायचं, आणि पलीकडे ऊस. उसात बिबट्या आहे, हे इथे कुणी बातमी म्हणून सांगत नाही. गावात पोस्ट ऑफिस आहे, त्या सुरात सांगतात. दादाने डोक्याला बॅटरी लावली, फावडं खांद्यावर टाकलं आणि कोपऱ्यातली काठी उचलली. तिला घुंगरं बांधलेली होती.

"आणि तू एरवी एकटाच जातोस?"

"मग? आख्खं घर जाणार का पाण्यावर?"

मी चाकू कमरेला लावला. दादाने बॅटरीच्या उजेडात तो पाहिला आणि म्हणाला, "ह्याचा उपयोग होईपर्यंत तो इतका जवळ आलेला असेल की उपयोग होणार नाही. त्याला लांबूनच कळलं पाहिजे, माणूस आहे म्हणून." वाकलेल्या माणसाला तो लहान जनावर समजतो, असं वनखात्याचे लोक सांगून गेले होते. म्हणून पाणी धरताना काठी आपटायची, मध्ये मध्ये उभं राहायचं, मोबाइलवर गाणी लावायची. मोबाइलची बॅटरी गेली तर स्वतः म्हणायची.

बांधावरून चालताना दादा ज्या आवाजात अभंग म्हणत होता, तो ऐकून बिबट्याच काय, देवसुद्धा चार शेतं लांब गेला असता. घुंगरं ताल सोडून वाजत होती. चाकू मी त्या रात्री एकदाच काढला, वाफ्याच्या तोंडाला अडकलेली खताची प्लॅस्टिक गोणी कापायला. सुरेख कापली. बाकी वेळ तो मांडीला थंडगार लागत होता.

मध्यरात्रीच्या पुढे दादाचा घसा बसला. "आता तू म्हण," तो म्हणाला. मला एकही गाणं आठवेना. शाळेतलं नाही, सिनेमातलं नाही, आरतीचं धृपदसुद्धा नाही. मग जे आलं ते मोठ्यांदा सुरू केलं: एकोणतीस एके एकोणतीस.

"हां," दादा वाकून दुसरा वाफा फोडत म्हणाला, "पण दीडशेच्या पुढं चुकू नको. नाहीतर तो यायचा दुरुस्त करायला."