पुठ्ठ्यातलं फायर स्टेशन: पट्टे बसले, आता बुरुज

सिंगापूरच्या हिल स्ट्रीटवरच्या सेंट्रल फायर स्टेशनचं 1:100 मॉडेल आता ओळखू येण्याइतपत झालंय. दर्शनी भिंत उभी आहे आणि पट्टेही बसले. खरं तर ही इमारत म्हणजे पट्टेच. उघड्या लाल विटांचा एक थर, वर पांढऱ्या गिलाव्याचा, की पुन्हा लाल. तिकडचे लोक या रंगसंगतीला गमतीने ‘रक्त आणि बँडेज’ म्हणतात. 1908-09 च्या सुमारास ती बांधून झाली.

पट्टे रंगवायचे नाहीत हे पहिल्यापासून पक्कं होतं. टेप लावून रंग मारला की कडेला तो झिरपतोच, आणि खरी भिंत सपाट नाही. म्हणून पांढरा मिलबोर्ड (जाड, कडक पुठ्ठा) पाया धरला आणि त्यावर लाल रंगवलेल्या आयव्हरी शीटच्या, म्हणजे गुळगुळीत जाड कागदाच्या, पट्ट्या चिकटवल्या. जाडीच्या फरकाने बारीक सावली पडते आणि भिंत जिवंत वाटते. लालमध्ये थोडा बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी रंग घातलाय. नुसता पोस्टर लाल कुंकवासारखा भडक दिसतो. एकेक वीट कोरायच्या फंदात पडलो नाही. तीन इंची विटेचा थर या प्रमाणात जेमतेम पाऊण मिलिमीटर होतो. दरवाजांच्या बाजूला, जिथे नजर टेकते, तेवढ्यातच बोथट सुईने रेघा ओढल्या. कोपऱ्यावर मात्र पट्टी कापून जोडायची नाही. आतल्या बाजूने हलकी चीर देऊन वळवायची, म्हणजे सांधा दिसत नाही.

सांगलीतल्या पावसाळी हवेत मिलबोर्ड पापडासारखा वळतो, हे इथल्यांना सांगायला नको. फेविकॉल दोन्ही बाजूंना सारखा लावून, वर जाडजूड पुस्तकं ठेवून रात्रभर दाबायचा, एवढाच उपाय आहे.

दरवाजांसाठी मिरजेच्या एका सतारीच्या कारखान्यातून तुणाच्या लाकडाचे तुकडे मिळाले. तूण मुळातच तांबूस, रंग लावायचं कामच नाही. कारागिरांनी काय करणार म्हणून विचारलं. आगीच्या बंबाचं घर म्हटल्यावर हसले, पण पातळ फाळक्या काढून दिल्या.

आता बुरुज. खरा सुमारे 100 फूट, म्हणजे मॉडेलमध्ये साधारण 30 सेंटिमीटर, शाळेतल्या फूटपट्टीएवढा. बांधला तेव्हा आसपास उंच इमारती नव्हत्या. वर पहाऱ्याला माणूस असायचा आणि धूर दिसला की खाली कळवायचा. टेलिफोन पसरले तसं ते काम संपलं. जुन्या फायर स्टेशनांच्या बुरुजांना जगभर आणखी एक काम असायचं, होज म्हणजे बंबाचे पाण्याचे पाइप वाळवायचं. तेव्हाचे होज सुती किंवा जवसाच्या धाग्याचे. ओले गुंडाळून ठेवले की बुरशी धरून कुजायचे. म्हणून आग विझवून आलं की ते उंचावरून लोंबते सोडायचे. कृत्रिम धाग्याचे होज आले आणि तीही गरज उरली नाही.

म्हणूनच अशा इमारतीचं नुसतं दर्शनी तोंड बनवलेलं मला पटत नाही. आपल्या मॉडेल करणाऱ्यांपैकी बरेच जण तेच करतात आणि मागची बाजू कोरी ठेवतात. कमानी आणि पट्टे कुठल्याही कचेरीला लावता येतात. फायर स्टेशनचं मोल त्याच्या आखणीत आहे: माणसं वर, गाडी खाली, आणि दोन्हींच्या मधला वेळ कमीत कमी. 1878 मध्ये शिकागोत डेव्हिड केन्यनने सरकत उतरायचा खांब बसवला, तोही या वेळेपायीच. तेव्हा बंब घोड्यांचे होते आणि जुंपणीचा साज वर टांगलेला असे, घोडा खाली उभा राहिला की थेट अंगावर उतरवायला. पुढे मोटारी आल्या, त्या जड आणि मोठ्या. मग कित्येक जुन्या स्टेशनांचे दरवाजे अपुरे पडले. हे सगळं दाखवायचं तर मागची भिंत उघडी हवी. ती मी उघडी ठेवतोय.

हिल स्ट्रीटचं स्टेशन 1998 मध्ये राष्ट्रीय स्मारक झालं, तरी तिथून बंब आजही निघतात. मला हे फार आवडतं. आपल्याकडे वारसा म्हटलं की आधी कुलूप लागतं. मुंबईत भायखळ्याचं मुख्यालयही असंच, जुनं आणि कामावर असलेलं. 14 एप्रिल 1944 ला व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाचा स्फोट झाला, त्यात गेलेल्या 66 जवानांचं स्मारक तिथे आहे. अग्निशमन सेवा दिन त्याच तारखेला पाळतात. पुढचं मॉडेल भायखळ्याचं करायचं मनात आहे, पण आधी हे.

बुरुजाच्या आत लोंबते होज दाखवायला गणपती पेठेतून सुती सुतळी आणली. ती फार केसाळ आहे. मेण लावून बघितली, तर चकाकते, म्हणजे ओल्याऐवजी प्लास्टिकचीच वाटते. सध्या बुटाच्या नाडीचे धागे सोडवून चहाच्या पाण्यात बुडवतोय. पाऊण मिलिमीटर जाडीचा, सरळ लोंबणारा धागा कोणी वापरला असेल तर सांगा. तोवर मागचा जिना लावून घेतो.