व्ही-क्रॉस, २६५/७५ आर१६, स्टॉक सस्पेन्शन: घाट उतरतानाची ती ‘खर्र’ अखेर सापडली

मंडळी, इसुझू व्ही-क्रॉस पिकअपला मूळपेक्षा मोठे टायर घातले; ते पुढच्या कमानीत घासू नयेत म्हणून लायनर (कमानीतलं प्लास्टिकचं अस्तर) सरकवून, मडफ्लॅप छाटून आणि शिवण (कमानीमागची पत्र्यांच्या जोडाची कड) चपटी करून काम आटोपलं असं मागच्या नोंदीत लिहिलं होतं. गॅरेजच्या लिफ्टवर फुल लॉकला (स्टिअरिंग शेवटपर्यंत वळवून) दोन्ही बाजू मोकळ्या होत्या. रॅम्पवर एक चाक चढवून, सस्पेन्शन दाबून पाहिलं, तरी मोकळ्या. आणि आंबेनळी घाटात महाबळेश्वरहून पोलादपूरकडे उतरताना डाव्या हेअरपिनला पुन्हा ‘खर्र’. तोही फक्त डाव्या पुढच्या चाकाला, फक्त ब्रेकवर पाय असताना. चढताना त्याच वळणावर आवाज नाही, सपाटीवर यू-टर्न घेताना नाही, पार्किंगमध्ये नाही. तीन आठवडे यातच गेले.

नवीन येणाऱ्यांसाठी थोडक्यात: गाडी २०१७ची २.५ लिटर, मूळ टायर २४५/७० आर१६, मूळ १६ इंची ७ इंच रुंदीचेच अलॉय, स्पेसर (चाक बाहेर ढकलणाऱ्या चकत्या) नाहीत, गाडी उंच करणारं लिफ्ट किट नाही.

आधी आकडे, कारण ‘रुंद टायर घासतो’ हे अर्धसत्य आहे. २४५/७० आर१६चा व्यास ७४९ मिमी, २६५/७५ आर१६चा ८०४ मिमी. म्हणजे त्रिज्या २७ मिमीने वाढली. रुंदीत कागदावर २० मिमीचा फरक दिसतो, पण २६५/७५चं माप ७.५ इंची रिमवर मोजलेलं असतं. ७ इंची रिमवर तो साधारण ५ मिमीने आकसतो, त्यामुळे प्रत्यक्षात प्रत्येक बाजूला वाढ जेमतेम ७ मिमी. आता स्टिअरिंग ज्या अक्षाभोवती फिरतं तिथपासून टायरचा बाहेरचा मागचा खांदा किती लांब पोचतो ते काढा. उदाहरणासाठी हा खांदा अक्षापासून आडवा १९३ मिमी धरला, तर मूळ टायरचा पल्ला ४२१ मिमी येतो. फक्त रुंदी वाढवली (२०० मिमी) तर ४२५. उंचीही वाढवली तर थेट ४४९. म्हणजे अठ्ठावीसेक मिमीच्या वाढीतले तीन-चारच रुंदीचे, बाकी सगळे उंचीचे.

याच हिशेबात २५ मिमीचा स्पेसर घातला तर पल्ला ४६१ होतो, आणखी १२ मिमी मागे. स्पेसर लावल्यावर सस्पेन्शनच्या वरच्या आर्मजवळ (चाक धरणाऱ्या दांड्याजवळ) जागा होते हे खरं, पण आपल्याला तिथे अडचणच नव्हती. आतल्या बाजूला १९ मिमी जागा होती, आता १२ आहे, ती पुरते. घासतंय मागच्या कोपऱ्यात, आणि स्पेसर नेमका तिथेच घात करतो. स्पेसरचा बेत मागच्या वेळी विचाराधीन म्हणून लिहिला होता, तो इथे रद्द. ईटी ३३ची (ईटी म्हणजे रिमचा ऑफसेट, मिमीमध्ये) मूळ रिमच या सेटअपसाठी सगळ्यांत चांगली.

आता मूळ दुखणं. आवाज कुठून येतो हे ऐकून कळत नाही, चाकाच्या कमानीत तो घुमतो. खडू आणि ग्रीसच्या खुणांनी ‘लागलं’ एवढंच कळतं, किती लागलं ते नाही. शेवटी शाडू माती कामाला आली. १५ मिमी उंचीच्या गोळ्या शिवणीवर, लायनरच्या खालच्या कडेवर आणि बॉडी माउंटपाशी (बॉडी चेसिसवर टेकते तिथे) चिकटवायच्या, चाचणीनंतर उरलेली जाडी व्हर्नियरने मोजायची. माती थोडी घट्टच मळा, सैल असली तर घाटातल्या हादऱ्यांनी ओघळते. पृष्ठभाग आधी थिनरने पुसून घ्या, नाहीतर गोळी निम्म्या रस्त्यात पडते.

निकाल असे आले. लिफ्टवर, डावीकडे फुल लॉक: ९ मिमी. रॅम्पवर सस्पेन्शन दाबून: ६ मिमी. घाटात उतरताना: शिवणीवरची गोळी पूर्ण चिरडलेली, बॉडी माउंटवरची जशीच्या तशी. उजव्या बाजूला त्याच चाचणीत ४ मिमी शिल्लक. दोन्ही बाजूंचे टायर एकच, छाटणी एकच, मग डावीकडची जागा गेली कुठे?

उत्तर ब्रेकमध्ये होतं. पुढे जाताना ब्रेक मारला की रस्ता चाकाला मागे ढकलतो, आणि डबल विशबोनमध्ये (वर-खाली दोन आर्मच्या सस्पेन्शनमध्ये) त्यातला मोठा भार खालच्या आर्मवर येतो. आर्म मागे सरकू पाहतो आणि त्याला रोखतात ते फक्त सांध्यातले रबरी बुश. त्यातच उतारावर पुढचा भाग बसलेला, आणि डावं हेअरपिन आपल्याकडे आतल्या बाजूचं, म्हणून सर्वांत आवळलेलं. फुल लॉक, दबलेलं सस्पेन्शन आणि ब्रेक हे तिन्ही एकत्र फक्त तिथेच येतात. लिफ्टवर यातलं एकच असतं.

मग चाकं जमिनीवर ठेवून, एकाने गाडी हळू पुढे नेत ब्रेक दाबायचा आणि दुसऱ्याने सुरक्षित अंतरावरून खालच्या आर्मच्या मागच्या बुशकडे बघायचं. फोन चुंबकाने चेसिसला लावून व्हिडिओ घेतला तर त्याहून बरं, कुणाला गाडीजवळ उभं राहावं लागत नाही. डावीकडचा आर्म स्पष्ट मागे जाताना दिसला. खोलल्यावर बुशचं रबर आतल्या स्लीव्हपासून अर्धं सुटलेलं निघालं.

बुश मुळात फाटला का, हे जास्त महत्त्वाचं. आधीच्या एका कामात गाडी लिफ्टवर, चाकं लोंबकळत असतानाच आर्मचे बोल्ट आवळले गेले होते. रबरी बुशची आतली स्लीव्ह बोल्ट आवळताना पकडली जाते आणि तीच त्याची शून्य स्थिती ठरते. लोंबत्या स्थितीत आवळलं की गाडी खाली येताच रबर पिळलेलं राहतं, कायमचं. त्यावर प्रत्येक खड्डा. बोल्ट फक्त टेकवून घ्या, गाडी चाकांवर उतरवा, दोनचार वेळा दाबून बसवा, मगच पूर्ण टॉर्क द्या. मेकॅनिकसमोर उभं राहून हे करून घ्या, कारण घाईत सगळ्यांत आधी हीच पायरी गळते.

बुश बदलताना पॉलियुरेथेनचा आग्रह झाला. पुण्यात नाना पेठेच्या स्पेअर पार्ट बाजारात विचारलं की पहिला सल्ला तोच मिळतो. या गाडीसाठी तो घेऊ नये असं ठाम मत आहे. पॉलीला ग्रीस लागतं, पावसाळी चिखलात ते धुऊन जातं, मग कुरकुर सुरू होते आणि झिजही. मूळ रबरी बुशच घेतला, प्रेसवर बसवला, दोन्ही बाजूंचे एकदमच बदलले. हातोड्याने ठोकून बसवू देऊ नका, आर्मचं घर अंडाकृती होतं.

पुन्हा तोच घाट, पुन्हा शाडू: डावीकडे ४ मिमी, उजवीकडच्याइतकंच. आवाज नाही! पण ४ मिमीत दगड किंवा वाळलेला चिखल अडकला की लायनर फाटणार, म्हणून कॅस्टरकडे (बाजूने पाहताना स्टिअरिंगच्या अक्षाचा मागे कललेला कोन) वळलो. लक्षात घ्या, कॅस्टर वाढवण्याचे दोन मार्ग आहेत. वरचा आर्म मागे नेला तर आकडा वाढतो पण चाक पुढे येत नाही. खालचा आर्म पुढे नेला तरच चाक पुढे येतं. इथे खालच्या आर्मच्या कॅम बोल्टवर डावीकडे ०.८ आणि उजवीकडे ०.७ अंश वाढवले. डावीकडे किंचित जास्त अशासाठी की आपल्या रस्त्यांचा उतार डाव्या कडेला असतो आणि गाडी कमी कॅस्टरच्या बाजूला ओढते, दोन्ही ओढी एकमेकांना खोडतात. अलाइनमेंटचा क्रम कॅस्टर, मग कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल), मग टो-इन (चाकांची पुढची बाजू आत वळलेली असणं). फक्त टो-इन करून ‘अलाइनमेंट झाली’ सांगणाऱ्याकडून आधी आणि नंतरची छापील पट्टी मागा.

चाक ४ मिमी पुढे आलं, घाटात आता ८ मिमी शिल्लक. पुढच्या बंपरच्या कोपऱ्यातली जागा तेवढी कमी झाली, रिव्हर्समध्ये लॉक देऊन तीही तपासली, मोकळी आहे. स्टिअरिंग किंचित जड झालंय, सरळ रेषेत मात्र गाडी छान बसते.

लिहिता लिहिता एक सुचतंय: बंप स्टॉप (सस्पेन्शन शेवटी ज्यावर टेकतं तो रबरी ठोकळा) १० मिमीने उंच केला तर पूर्ण दाबलेल्या अवस्थेतली जागा आणखी वाढेल. पण स्टॉकमध्ये मुळात पुढच्या सस्पेन्शनचा वर-खाली प्रवास मर्यादित, त्यातला तोडायचा आणि खड्ड्यांत धडका खायच्या, हे पटत नाही. राहू दे. त्यापेक्षा लायनरची खालची कड हीट गनने आणखी मागे बसवता येईल.

शिवणीबद्दल एक राहिलं होतं. ती कापू नका, तिथे स्पॉट वेल्ड आहेत, चपटीच करा. ठोकल्यावर पत्रा उघडा पडतो, म्हणून झिंक प्रायमर, त्यावर पीयू सीलंट, त्यावर अंडरबॉडी कोटिंग. कोकणात गाडी जात असेल तर एकही थर गाळू नका. हातोडा घेण्याआधी लायनरमागची वायरिंग, ब्रेकची होज आणि एबीएस सेन्सरची वायर फुल लॉकला दोन्हीकडे ताणून बघा.

खरा वेग स्पीडोच्या काट्यापेक्षा ७.३ टक्के जास्त असतो. काटा ८० वर असताना खरा वेग ८६. डिझेलचा हिशेब करताना ओडोमीटरच्या १०० किमीला १०७ धरा, नाहीतर ॲव्हरेज पडलं म्हणून उगाच इंजेक्टर खोलले जातात. ॲव्हरेज थोडं पडलंय हेही खरं, एलटी (लाइट ट्रक बांधणीचे) टायर जड असतात. त्याच वजनाला एलटी बांधणीला हवा जास्त लागते, पुढे ३५ पीएसआयपासून सुरुवात करून खडूची रेघ ओढून पाहा: मध्येच पुसली तर हवा जास्त, कडाच पुसल्या तर कमी.

टायर घेताना त्यावर छापलेल्या डॉट कोडचे शेवटचे चार आकडे वाचा. २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. हा साइज आपल्याकडे हळू खपतो, जुना माल ‘नवा’ म्हणून गळ्यात पडू शकतो. आणि घ्यायचे तर पाच घ्या. मागे एका बाजूला ८०४ आणि दुसऱ्या बाजूला ७४९ घालून चालवलं तर डिफरन्शियल सतत काम करत राहतं, आणि फोर-हायमध्ये (चारही चाकं ओढत असताना) तर पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी ट्रान्सफर केसच आवळते.

गाडीत बदल करण्यावर निर्बंध घालणारं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि त्यावरचा सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९चा निकाल ध्यानात ठेवा, विमा कंपनीला आधी लेखी विचारा. ज्यांना ठोकाठोकी नकोच, त्यांनी २६५/७० आर१६ घ्यावा. व्यास ७७७, त्रिज्येत फक्त १४ मिमीची वाढ, रुंदी तीच. रोजच्या गाडीला तोच योग्य, हे पाचही टायर घेऊन झाल्यावरही प्रामाणिकपणे सांगतो.

आता स्टेपनी. हवा भरलेला ८०४चा टायर मूळ जागी वर ओढला जातो, पण मागच्या क्रॉस मेंबरला टेकतो आणि साखळी शेवटपर्यंत आवळत नाही. ट्रेमध्ये उभी बांधायची की हवा २० पीएसआयवर आणून खालीच बसवायची, दोन्ही मोजून बघतोय. कुणी २.५ला खाली बसवली असेल तर क्रॉस मेंबरपासूनचं अंतर मिमीमध्ये कळवा.