जिभेला आलेल्या मुंग्या

चीनमधल्या युन्नान प्रांतात इंटर्नशिप करत होते तेव्हाची, ऐन हिवाळ्यातली एक रात्रपाळी. साडेनऊच्या सुमारास एक बाई सासऱ्यांना धरून कॅज्युअल्टीत घेऊन आली. आजोबा सत्तरीचे, दोन उलट्या झालेल्या, हात गार पडलेले. एकच घोकत होते, "त्स्वेई मा, त्स्वेई मा." त्स्वेई म्हणजे तोंड आणि मा म्हणजे बधिर, मुंग्या आलेलं.

मी कोकणातली. बांगड्याच्या तिखल्यात तिरफळ पडलं की जीभ कशी झिणझिणते ते मला माहीत. तिकडच्या जेवणातलं ह्वाच्याओ तिरफळाच्याच कुळातलं, आणि त्याच्या झिणझिणीलाही 'मा'च म्हणतात. मी केसपेपरवर लिहिलं, 'अन्नातून विषबाधा?'

आमच्या लाओशींनी, म्हणजे सीनियर डॉक्टरांनी, कागदाकडे पाहिलंही नाही. सुनेला एवढंच विचारलं, "काय शिजवलं होतं? किती वेळ?"

ती गप्प. मग हळूच म्हणाली, "छाओवू. डुकराच्या पायांबरोबर. दोन तास."

छाओवू म्हणजे आपल्या बचनागाचा सख्खा भाऊ. थंडीत गुडघे धरतात म्हणून तिकडे ही मुळं घालून सूप करतात. याच कुळातलं फूझ चिनी वैद्यकात जवळजवळ १,८०० वर्षांपूर्वीपासून, हातपाय गार पडलेल्या रोग्याला सुंठ आणि ज्येष्ठमधाबरोबर देत आले आहेत. औषध खरं, पण विषही खरं. त्यातलं ॲकोनिटिन हृदयाच्या पेशींमधली सोडियमची दारं बंदच होऊ देत नाही, मग ठोके बिघडतात. तासन्‌तास उकळलं की ते फुटून बरंच सौम्य होतं. चिनी औषधकोशात छाओवूच्या भावाला, छ्वानवूला, ४ ते ६ तास उकळायला सांगितलंय. कापल्यावर आत पांढरा गाभा दिसता कामा नये, आणि जिभेला अगदी किंचित मुंग्या याव्यात. आपले वैद्यही वत्सनाभ, म्हणजे बचनागच, गोमूत्रात शुद्ध केल्याशिवाय त्रिभुवनकीर्तीत घालत नाहीत. हे मी परीक्षेपुरतं वाचलं होतं आणि विसरलेही होते.

ईसीजीची पट्टी बाहेर आली. एक ठोका वर, एक खाली, पुन्हा एक वर, एक खाली. पुस्तकातलं या विषबाधेचं चित्र जसंच्या तसं, फक्त हे माझ्या हातात होतं आणि कागद अजून कोमट होता. उतारा असा नाहीच. ठोके ताळ्यावर आणायला अमिओडॅरोन सुरू केलं, शॉकचं मशीन उशाशी आणून ठेवलं. दोनदा वापरावं लागलं. पहाटे चारच्या सुमारास ठोके सरळ पडू लागले तेव्हा मी पहिल्यांदा खाली बसले.

लाओशींनी घरून उरलेलं सूप मागवून घेतलं होतं. सुनेचा नवरा स्टीलच्या डब्यात घेऊन आला. त्यातला बोटाच्या पेराएवढा तुकडा त्यांनी ट्रेमध्ये ठेवून ब्लेडने उभा चिरला. कडेने तपकिरी, मऊ. आणि मधोमध खडूसारखा पांढरा ठिपका.

सून बराच वेळ त्या ठिपक्याकडे बघत राहिली. सासूबाई उन्हाळ्यात गेल्या होत्या. घरात छाओवू नेहमी त्याच शिजवायच्या, भल्या पहाटे भांडं चढवून.

"मला वाटायचं, मांस शिजलं की झालं," ती म्हणाली. "आई वाढण्याआधी एक तुकडा स्वतःच्या जिभेला लावून बघायच्या आणि थोडा वेळ तशाच बसून राहायच्या. मला वाटायचं, मीठ बघतायत."