डॉट कॉमच्या पुढची मोकळी जागा

“इमेल चुकीचा आहे.” पाचव्यांदा तीच लाल ओळ.

पारोळ्याजवळच्या गावात, ओट्यावर बसून आबा कापसाच्या नोंदीचं आमचं ॲप उघडत होते. ती लाल ओळ मीच लिहिलेली.

पासबुकाच्या कव्हरवर कुणीतरी बॉलपेनने पत्ता लिहून दिला होता. मी अक्षर न् अक्षर ताडून पाहिलं. बरोबर! मग कर्सर मागे नेला, तर डॉट कॉमच्या पुढे एक स्पेस. कीबोर्डने सुचवलेला शब्द निवडला की बऱ्याचदा तो स्वतःच पुढे स्पेस टाकतो. आबांचं काहीच चुकलं नव्हतं. तपासण्याआधी अशी स्पेस काढून टाकणं म्हणजे कोडची एक ओळ. पण आम्ही सगळं लॅपटॉपवर टाइप करून पाहिलेलं, तिथे कशाला दिसेल?

स्पेस काढली. पुढचा स्क्रीन: “तुमच्या इमेलवर लिंक पाठवली आहे.”

आबा शांतपणे म्हणाले, “तो इमेल जुना फोनमा व्हता भाऊ. मोबाइलवाला पोऱ्यानी बनाडेल. पासवर्ड त्यालेच माहीत.”

आणि जुना फोन? विहिरीत.

परतताना एसटीत हेच डोक्यात. पहिल्याच पायरीवर इमेल मागायचं काय अडलं होतं? नोंदींना तो लागतच नाही. नंबरवर ओटीपी पाठवला असता तर आबा कधीच आत गेले असते. (मीटिंगमध्ये “इमेल घेऊन ठेवू, पुढे कामाला येईल” म्हणणारा मीच.)

तुमच्या घरी आई-वडिलांच्या इमेलचा पासवर्ड कुणाकडे आहे हो?