ऑकलंडचा शेजारी आणि नौपाड्यातले भावोजी

भावोजींचा प्रश्न सरळ होता. "तुझा तो शेजारी सव्वाशे किलोचा, त्याची शुगर नॉर्मल. मी कॉलेजपासून बत्तीस कमरेची पँट घालतोय, मग मलाच कशी निघाली?" ठाण्यात दुपारची जेवणं उरकली होती, इथे ऑकलंडला रात्र झाली होती. मागून ताईचा आवाज आला, "तिला हेही सांगा, ऑफिसात गोड चहा किती होतात ते!"

चहाचं नंतर बघू. पण भावोजींचा प्रश्न रास्त आहे, आणि दक्षिण ऑकलंडमध्ये राहणाऱ्याला तो पडतोच. या भागात पॅसिफिक बेटांवरून आलेली माणसं खूप: सामोआ, टोंगा, कुक आयलंड्स. आमच्या शेजारी सामोअन कुटुंब आहे. घरातला कर्ता उंचापुरा, खांदे दाराएवढे. हाच माणूस शनिवारी मुलांबरोबर रग्बी खेळताना असा काही पळतो की बघत राहावं. रविवारी सगळे पांढऱ्या कपड्यांत चर्चला जातात आणि परतल्यावर तापलेल्या दगडांवर जेवण शिजतं. त्यातली एक पुरचुंडी आमच्याकडेही येते. तिला पालुसामी म्हणतात: अळूची कोवळी पानं आणि आत नारळाचं दाट दूध. चिंच नाही, गूळ नाही, तरी घसा खवखवत नाही. आईला हे अजून पटलेलं नाही.

या सामोअन लोकांवरचं एक संशोधन २०१६ मध्ये 'नेचर जेनेटिक्स' या शोधपत्रिकेत आलं. सामोआतल्या ३,०७२ जणांची जनुकं तपासली, तेव्हा सीआरईबीआरएफ नावाच्या जनुकात एका अक्षराचा बदल सापडला. प्रत्येक जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती, एक आईकडून, एक वडिलांकडून; जवळजवळ निम्म्या सामोअन लोकांकडे या बदलाची निदान एक प्रत असते. युरोपात, आफ्रिकेत किंवा आपल्याकडे तो जवळपास सापडतच नाही. प्रत्येक प्रतीमागे बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा, साधारण १.३६ ते १.४५ ने वाढतो. पाच फूट सात इंचांच्या माणसाच्या अंगावर हे सुमारे चार किलो झाले. लठ्ठपणाशी जोडलेलं, जगभर गाजलेलं जनुक म्हणजे एफटीओ; त्यातल्या बदलाचा परिणाम यापुढे किरकोळ वाटतो.

खरी गंमत पुढे आहे. हा बदल ज्यांच्यात असतो त्यांचं वजन जास्त, पण टाइप २ डायबेटिसचा धोका मात्र कमी. न्यूझीलंडमधल्या माओरी आणि पॅसिफिक लोकांवर झालेल्या अभ्यासातही तेच दिसलं. आता १९६२ मध्ये जेम्स नील या शास्त्रज्ञाने मांडलेलं 'काटकसरी जनुकां'चं म्हणणं आठवा. दुष्काळात, लांबच्या समुद्रप्रवासात चरबी साठवणारे तगले आणि आज तीच साठवणूक आपल्या मुळावर उठली, असा त्याचा सारांश. व्हॉट्सअॅपवर फिरायला उत्तम. पण नील कोडं सोडवत होते डायबेटिसचं, आणि इथे चरबी साठवणारं जनुक डायबेटिसपासूनच थोडं राखतं! गोष्ट छान असली म्हणून ती जशीच्या तशी खरी ठरत नाही.

पण म्हणून सामोअन लोकांत डायबेटिस कमी आहे असं कुणी समजू नका. इथल्या पॅसिफिक समाजात तो भरपूर आहे आणि तरुणपणीच गाठतो. माझा शेजारी आज त्याच्या तावडीतून वाचलाय, त्याचा भाऊ वाचलेला नाही. जनुक काही गेल्या पन्नास वर्षांत बदललेलं नाही, ताट बदललं. डब्यातलं खारवलेलं बीफ, मेंढीच्या पोटाकडचे चरबीचे तुकडे, टर्कीच्या शेपट्या; श्रीमंत देशांत ज्याला गिऱ्हाईक नाही ते बेटांवर स्वस्तात उतरतं. सामोआने २००७ मध्ये टर्कीच्या शेपट्यांच्या आयातीवर बंदी घातली होती. जागतिक व्यापार संघटनेत शिरायचं म्हणून ती उठवावी लागली आणि २०१२ मध्ये देश सदस्य झाला. हे वाचल्यापासून 'बेटावरचे लोक जाडच असतात' असं कुणी म्हणालं की माझं डोकं सणकतं.

आता आपल्याकडे या. एफटीओचा शोध २००७ मधला, युरोपीय लोकांमधला. तिथे ज्यांच्याकडे त्याच्या धोक्याच्या दोन्ही प्रती असतात, ते एकही प्रत नसलेल्यांपेक्षा सरासरी तीन किलोंनी भरतात. चीन-जपानकडे ही प्रत बरीच कमी लोकांत आढळते, आपल्याकडे त्या दोघांच्या मध्ये. पण २००९ मध्ये पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने दाखवलं की भारतीयांत या जनुकाचा डायबेटिसशी संबंध आहे आणि तो सगळा वजनाच्या वाटेने येत नाही. म्हणजे काट्यावर काही न दिसताही ते आपलं काम करत राहतं.

याज्ञिकांचा एक फोटो मी भावोजींना पाठवला. २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेला: शेजारी शेजारी याज्ञिक आणि लंडनचे संशोधक जॉन युडकिन. दोघांचाही बीएमआय २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के. एकच आकडा, आणि आतली चरबी दुपटीहून जास्त. पुण्याजवळच्या गावांतली बाळंही अशीच निघाली: वजन सरासरी २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५. आपली बाळं स्नायूंनी, पोटातल्या अवयवांनी लहान, पण पाठीवरच्या कातडीखालची चरबी त्या मानाने शाबूत. यात जनुकं किती आणि पोटुशी असताना आईच्या ताटात काय पडलं ते किती, हे वेगळं काढता येत नाही. त्यामुळे सगळं खापर जनुकांवर फोडायलाही मी तयार नाही.

भावोजींच्या पँटचा उलगडा मला गेल्या खेपेला ठाण्यात झाला. सोसायटीच्या हॉलमध्ये आरोग्य शिबिर होतं. फॉर्मवर उंची पाच-सहा, वजन चौसष्ट, पुढे शिक्का 'नॉर्मल'. मग नर्सबाईंनी शर्ट वर करायला सांगितला. पट्टा पोटाच्या खाली, जवळजवळ मांड्यांवर. वर्षानुवर्षं पँट बत्तीसच राहिली, कारण ती पोटाला वळसा घालून खाली सरकत गेली. बाईंनी शेवटची बरगडी बोटाने चाचपली, मग कमरेचं हाड, आणि दोघांच्या बरोबर मध्ये टेप धरला. भावोजींनी पोट आत ओढलं. "श्वास सोडा काका, सोडा," म्हणून त्या थांबून राहिल्या. चौऱ्याण्णव सेंटिमीटर. भारतीय पुरुषासाठी रेषा नव्वदची, बायकांसाठी ऐंशीची. बीएमआयचीही रेषा आपल्याला खाली ओढलेली आहे: तेवीसच्या वर जादा वजन, पंचवीसच्या वर लठ्ठपणा. पाश्चात्त्य तक्त्यात हेच आकडे पंचवीस आणि तीस असतात.

आता भाच्याने नवीन टूम काढलीय. तो घोडबंदर रोडला राहतो, सगळं ऑनलाइन मागवतो. "मावशी, बाबांसाठी डीएनए टेस्टचं किट मागवू? लठ्ठपणाचा स्कोअर देतात." मी त्याला स्पष्ट नको म्हटलं. असे स्कोअर शेकडो-हजारो बारीक बदलांची बेरीज करून काढतात, आणि ती बेरीज बांधली आहे मुख्यतः युरोपीय लोकांच्या नमुन्यांवर. भारतीयांवर ती तेवढी नीट बसत नाही. सामोअन लोकांतला एवढा ठळक बदलसुद्धा सामोआत जाऊन शोधला तेव्हाच सापडला. शिवाय स्कोअर वाईट आला तरी डॉक्टर करायला काय सांगणार? एफटीओची धोक्याची प्रत आणि व्यायाम यांचा हिशोब २०११ मध्ये दोन लाखांहून जास्त प्रौढांवर मांडला गेला. जे अंग हलवतात त्यांच्यात त्या प्रतीचा लठ्ठपणावरचा परिणाम सत्तावीस टक्क्यांनी कमी भरला. म्हणजे स्कोअर काहीही येवो, तलावपाळीला फेऱ्या मारायच्याच आहेत, आणि नंतर मिसळ खायला थांबायचं नाही.

"त्या किटच्या पैशांत दोघांचं एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी रक्ततपासणी, करून घे," मी भाच्याला म्हटलं. "बाबांचं दर तीन महिन्यांनी, आणि तुझं या आठवड्यात. तूही बापासारखाच पोटाखाली पट्टा बांधतोस. उपाशीपोटी जावं लागत नाही, तेव्हा ऑफिसला जाताना उरकेल."