दुरुस्त होऊन आला, आणि ये रे माझ्या मागल्या

बंद पडलेल्या गेम खेळायच्या कन्सोलच्या सर्किट बोर्डावर हीट गन, म्हणजे गरम हवेची बंदूक, फिरवली की तो बऱ्याचदा चालू होतो. मालक खूश, दुरुस्त करणाराही खूश. मग पंधरा दिवसांनी म्हणा, दोन महिन्यांनी म्हणा, तो परत बंद पडतो आणि खापर 'मॉडेलच खराब' यावर फुटतं. मॉडेल खराब असेलही. पण गरम केल्यावर चालू झाला म्हणजे दुरुस्त झाला, हा समज आधी डोक्यातून काढायला हवा. लक्षण गेलं, कारण जागेवरच राहिलं, असं झालं की तोच बिघाड परत येतो.

हीट गननं नेमकं काय होतं ते बघा. मुख्य चिप बोर्डावर थेट बसलेली नसते. सिलिकॉनचा चकचकीत तुकडा आधी एका पातळ हिरव्या पट्टीवर बसतो, दोन्हींच्या मध्ये सोल्डरचे अतिसूक्ष्म थेंब असतात. मग ही पट्टी खालच्या मोठ्या सोल्डर गोळ्यांवर बोर्डाला जोडलेली असते. म्हणजे दोन मजले झाले. तापल्यावर सिलिकॉन, पट्टी आणि बोर्ड वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावतात. गेम लावला की तापायचं, बंद केला की निवायचं. ही रोजची ओढाताण त्या थेंबांवर येते. त्यांना आधार म्हणून सिलिकॉनखाली राळेसारखं अंडरफिल भरलेलं असतं. ते उष्णतेत मऊ पडणारं निघालं, की थेंबांना तडे जातात. हीट गननं हे तडे सांधले जात नाहीत. सगळं थोडं हलून तुटलेली टोकं तात्पुरती एकमेकांना टेकतात. चिप काढून खालचे गोळे नवे लावायचे, म्हणजे रीबॉलिंग करायचं, हा खर्चिक उपायही अशा वेळी वाया जातो, कारण गोळे बदलले तळमजल्यावरचे आणि तडा आहे वरच्या मजल्यावर. मग चिपच बदलावी लागते, तीही सुधारित बनावटीची.

याचं सगळ्यांना ठाऊक असलेलं उदाहरण एक्सबॉक्स ३६०. नोव्हेंबर २००५मध्ये तो बाजारात आला. पॉवर बटणाभोवतीच्या कड्याच्या चार भागांपैकी तीन लाल लुकलुकले की हार्डवेअर गेलं, असा त्याचा संकेत. जुलै २००७मध्ये मायक्रोसॉफ्टनं या एका खुणेसाठी वॉरंटी तीन वर्षांची केली आणि त्यापोटी शंभर कोटी डॉलरहून जास्त रक्कम खर्ची टाकली. २००९मध्ये पडद्यावर येणारा ई७४ हा दोषही त्यात धरला. गंमत अशी की चारही भाग लाल झाले तर कन्सोलला काहीच झालेलं नसतं, टीव्हीला जाणारी केबल नीट बसलेली नसते. दोन लाल म्हणजे अतिउष्णता. तीन लाल असताना सिंक (कंट्रोलर जोडायचं) बटण दाबून धरायचं आणि डिस्क बाहेर काढायचं बटण चार वेळा दाबायचं. दर वेळी किती भाग लागतात ते मोजलं की चार आकडी कोड मिळतो. चारही भाग लागले तर तो अंक शून्य. टॉवेलात गुंडाळून कन्सोल तापवायचा उपाय तेव्हा घरोघरी झाला. तो हीट गनचाच गरीब भाऊ, त्यात चिपबरोबर बाकीचं सगळंही भाजून निघायचं.

आजचे कन्सोल इतक्या ठरलेल्या पद्धतीनं मरत नाहीत. 'मधेच बंद पडतो' हे वाक्य चार वेगळ्या रोगांचं लक्षण आहे आणि सर्व्हिस सेंटरला तेवढंच सांगितलं तर ते त्यांच्या सोयीचा रोग निवडतात. म्हणून पाठवण्याआधी घड्याळ लावून बसा. जड गेम लावल्यावर पस्तीस मिनिटांनी बंद पडला, पाच मिनिटं थांबून चालू केला तर आठच मिनिटांत पडला, आणि नुसत्या मेन्यूवर तीन तास तग धरतो, तर ही उष्णता आहे. वेळेला काही धरबंध नाही, मेन्यूवरही पडतो, तर पॉवर सप्लायवर संशय घ्या. पण आधी एक्स्टेन्शन बोर्ड काढून थेट भिंतीच्या सॉकेटला लावून बघा. गेममध्ये दर वेळी त्याच जागी अडकत असेल तर साठवणीतला डेटा किंवा हार्ड डिस्क. बटण दाबल्यावर सेकंदभरात विझला तर सप्लाय किंवा बोर्डावरचा शॉर्ट, तिथे साफसफाईनं काही होणार नाही.

चित्र येत नाही पण कंट्रोलर जोडला जातो, पंखा चालू आहे, तेव्हा आधी सेटिंगचा घोटाळा बाद करायचा. प्लेस्टेशन ४ किंवा ५ पूर्ण बंद करून पॉवर बटण सुमारे सात सेकंद, दुसरा बीप येईपर्यंत, दाबून धरा. सेफ मोड, म्हणजे दुरुस्तीसाठीचा मोजका मेन्यू, उघडतो. कंट्रोलर यूएसबी केबलनं जोडलेला हवा. इथून रिझोल्यूशन बदलता येतं, आणि पाचव्या क्रमांकाचा डेटाबेस पुन्हा बांधायचा पर्याय आधी वापरा, त्यानं गेम आणि सेव्ह (खेळातली साठवलेली प्रगती) जात नाहीत. सातवा पर्याय सगळं पुसून टाकतो. हात चुकून तिथे गेला तर संपलं. सेफ मोडही दिसत नसेल तर एचडीएमआयचं तोंड टॉर्च लावून बघा. आत १९ टोकं असतात, एका रांगेत दहा, दुसरीत नऊ. एखादं वाकलेलं, आत ढकललेलं दिसलं तर कारण सापडलं. केबल लावलेली असतानाच कन्सोल पुढे ओढणं हे त्यामागचं नेहमीचं कारण.

हे पोर्ट बदललं की काही दिवसांत परत चित्र जातं, ही तक्रार फार ऐकू येते, आणि तिचं कारण सोपं आहे. जुनं पोर्ट काढायला बिस्मथ असलेलं, कमी तापमानाला वितळणारं सोल्डर मिसळतात. काम सोपं होतं, बोर्डावरचे तांब्याचे पॅड उखडत नाहीत. मात्र नंतर ते सोल्डर शोषक वेणीनं पूर्ण उचलून, फ्लक्स (सोल्डर नीट धरावं म्हणून लावलेलं रसायन) पुसून, मग नेहमीच्या सोल्डरनं पोर्ट बसवायला हवं. घाईत ते मिश्रण तसंच राहिलं तर सांधा ठिसूळ बनतो आणि केबलच्या दोन धक्क्यांत सुटतो. पोर्टाचे चार पायही बोर्डाच्या भोकांत सोल्डरनं पूर्ण भरलेले हवेत, जोर त्यांनी पेलायचा असतो, त्या १९ टोकांनी नव्हे. पोर्ट नवं, सांधे चांगले आणि तरी चित्र नाही, तर मल्टिमीटर डायोड मोडवर ठेवून चित्राच्या आठ तारा मोजतात. आठही आकडे जवळपास सारखे यायला हवेत. एखादा वेगळा आला तर त्या तारेवरचा फिल्टर किंवा मागची एचडीएमआय चिप गेली आहे, आणि दुसरं पोर्ट लावून काही उपयोग नाही.

उष्णतेच्या दुरुस्तीतही अशीच एक खोच आहे. मुख्य चिप आणि हीटसिंक (उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा) यांच्यामधली पेस्ट बदलली तरी कन्सोल पूर्वीपेक्षा जास्त तापतो, तेव्हा पेस्टपेक्षा थर्मल पॅड, म्हणजे उष्णता वाहून नेणाऱ्या मऊ पट्ट्या, तपासा. मेमरी चिपवरचे थर्मल पॅड मुळापेक्षा अर्धा मिलिमीटर जाड लावले, तर हीटसिंक मुख्य चिपवर नीट टेकतच नाही आणि मग भारीतली पेस्टही निरुपयोगी. धूळ बाहेरून फुंकून काढायची सवय सोडा. पंखा आणि पत्र्याच्या पाकळ्यांमध्ये जो गादीसारखा थर बसतो तो फुंकरीनं आणखी आत दबतो. हवा मारायचीच तर पात्यात टूथपिक अडकवून पंखा धरून ठेवा, हवेनं गरागरा फिरला की बेअरिंगची वाट लागते. प्लेस्टेशन ५मध्ये पेस्ट नाही, लिक्विड मेटल आहे. तो गॅलियमचा द्रवरूप मिश्रधातू वीज वाहून नेतो आणि ॲल्युमिनियम खातो. एक थेंब शेजारच्या घटकावर गेला की शॉर्ट. वॉरंटीत असलेल्या यंत्राचा हा भाग मालकानं उघडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

हार्ड डिस्कचं उलट. प्लेस्टेशन ४ची अडीच इंची डिस्क मालकानं बदलावी अशीच रचना आहे. प्लेस्टेशन ५मध्ये मूळ साठवणीच्या चिपा बोर्डावरच सोल्डर केलेल्या, त्या गेल्या म्हणजे बोर्डच गेला. डिस्क ड्राइव्ह बदलताना वेगळा सापळा असतो: एक्सबॉक्स ३६० काय, एक्सबॉक्स वन काय किंवा पहिला प्लेस्टेशन ५ काय, ड्राइव्हचा छोटा बोर्ड मुख्य बोर्डाशी जोडीनं बांधलेला असतो. दुसऱ्या कन्सोलचा अख्खा ड्राइव्ह आणून लावला तर तो फिरेल, गेम वाचणार नाही. यांत्रिक भाग नवा, छोटा बोर्ड जुनाच, असं करावं लागतं.

आता स्टिकचा ड्रिफ्ट, म्हणजे कंट्रोलरची स्टिक न हलवताही पडद्यावरचं पात्र आपोआप सरकणं. परत परत वॉरंटीत जाणारी ही मोठी जमात. आत दोन दिशांसाठी कार्बनचे काळे पट्टे असतात आणि त्यावर धातूची बारीक जीभ घासत फिरते. कुठे टेकली त्यावरून व्होल्टेज ठरतं, व्होल्टेजवरून दिशा. बोट सोडलं की स्टिक स्प्रिंगनं मधे येते, म्हणून मधला भाग सर्वांत जास्त घासतो. मॉड्यूल उघडलं तर त्या पट्ट्यावर घासून गेलेली फिकट रेघ आणि कडेला काळी भुकटी दिसते. नुसती भुकटी असेल तर रबराच्या टोपीखाली कॉन्टॅक्ट क्लीनरचा छोटा फवारा, स्टिक गोल गोल फिरवणं, सुकू देणं, मग सेटिंगमधून कॅलिब्रेशन (मधली जागा पुन्हा ठरवणं), एवढ्यानं काम भागतं. आठवड्यात ड्रिफ्ट परत आला तर समजा कार्बनच उडालाय. सर्व्हिस सेंटर नवं मॉड्यूल लावतं खरं, पण तेच, कार्बनचं. तेवढ्याच वापरानंतर ते तसंच घासणार, यात कुणाचा दोष नाही. चुंबकावर चालणाऱ्या हॉल सेन्सरच्या स्टिकमध्ये घासायला काही नसतं. वॉरंटी संपलेली असेल तर मी तोच मार्ग सुचवेन. निन्टेंडो स्विच कन्सोलच्या जॉय-कॉन या सुट्या कंट्रोलरमध्ये हे घरी जमतं: मागचे चार तीन-पाती स्क्रू, झाकण पुस्तकासारखं उघडायचं, ओढायचं नाही, बॅटरीचा कनेक्टर आधी काढायचा, स्टिकचे दोन स्क्रू, आणि चपट्या केबलची इवलीशी कडी नखानं वर करायची. ती कडी तुटली तर नवं मॉड्यूल हातात घेऊन बसाल. प्लेस्टेशनच्या कंट्रोलरमध्ये मात्र प्रत्येक स्टिकचे चौदा सांधे सोल्डर केलेले आहेत. तिथे सराव नसताना हात घालू नका.

स्विच चार्ज होत नाही, हीसुद्धा फसवी तक्रार. यूएसबी-सीचा मीटर मधे लावा. मूळ अडॅप्टर १५ व्होल्ट देऊ शकतो. मीटर ५ व्होल्टवर आणि साधारण ०.४ ॲम्पिअरवर अडकून राहिला तर चार्जिंगची बोलणी करणारी एम९२टी३६ ही चिप गेल्याची शक्यता मोठी. बॅटरी ठार रिकामी असतानाही सुरुवातीला असेच आकडे दिसतात, म्हणून अर्धा तास तरी थांबून पुन्हा वाचा. ही चिप बदलल्यावर मूळ डॉकऐवजी (डॉक म्हणजे स्विच टीव्हीला जोडायचा स्टँड) दुसऱ्याच कंपनीचा भलता डॉक परत वापरला तर नवी चिपही जाऊ शकते.

वॉरंटीत पाठवताना सगळी लढाई कागदावर असते. टेबलावर दहा मिनिटं चालवून 'तक्रार आढळली नाही' असा शेरा मारून यंत्र परत येतं, तेव्हा तुमचं वर्णन कमी पडलेलं असतं. मजकूर असा हवा: 'तीच तक्रार तिसऱ्यांदा. आधीचे जॉब नंबर अमुक आणि तमुक. जड गेमवर ३० ते ४० मिनिटांत बंद, बंद होताना पंखा पूर्ण वेगात. मेन्यूवर तीन तास चालतो. व्हिडिओ जोडला आहे.' एरर कोड आला असेल तर अक्षर न अक्षर उतरवा. 'वारंवार' असं मोघम लिहू नका, तारखा लिहा. आणि दुसऱ्या-तिसऱ्या वेळी शब्द बदलू नका; पहिल्यांदा 'हँग' आणि नंतर 'बंद' लिहिलं तर ती नवी तक्रार धरली जाते आणि पुन्हा पुन्हा तोच दोष, हा तुमचा मुद्दाच निसटतो.

पाठवण्याआधी सिरीयल नंबरचा, सगळ्या पोर्टांचा आणि स्क्रूवरच्या स्टिकरचा फोटो घ्या, टॉर्चच्या उजेडात. एचडीएमआय वाकल्याचा ठपका नंतर तुमच्यावर येऊ शकतो. डिस्क आणि मेमरी कार्ड काढून घ्या. स्विचचे सेव्ह कार्डावर नसतात, आतल्या मेमरीत असतात, हे बरेच जण विसरतात. प्लेस्टेशन ४चे सेव्ह पेन ड्राइव्हवर उतरवता येतात. कन्सोल चालू होत असेल तर खात्यातून त्याला मुख्य यंत्र म्हणून काढून टाका, कारण बदल्यात तुम्हाला दुसराच नूतनीकरण केलेला कन्सोल येऊ शकतो.

'हे काढलं तर वॉरंटी रद्द' या स्टिकरला घाबरून मालक साधी डिस्कही बदलत नाहीत. अमेरिकेत १९७५च्या वॉरंटी कायद्याखाली असा सरसकट दम देता येत नाही. एप्रिल २०१८मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशननं सहा कंपन्यांना तशी ताकीद दिली, त्यात सोनी, मायक्रोसॉफ्ट आणि निन्टेंडो तिघीही होत्या. देशोदेशी नियम निराळे, तेव्हा आपल्या कार्डावरचं बारीक अक्षर वाचूनच स्क्रूड्रायव्हर उचला.

यंत्र परत आलं की पहिल्याच दिवशी सिरीयल नंबर जुळतो का बघा आणि जॉब शीटवर कोणता भाग बदलला ते लिहून घ्या. 'सॉफ्टवेअर अपडेट केलं' एवढंच लिहिलेलं असेल आणि तक्रार उष्णतेची होती, तर काहीच झालेलं नाही. मग ज्या गेमवर बंद पडत होता तोच लावा, घड्याळ लावा, किमान दोन तास चालवा, आणि त्याच आठवड्यात आणखी दोन वेळा. दुरुस्तीवरची हमी बहुधा मूळ वॉरंटीपेक्षा छोटी असते. कपाटात ठेवून महिन्यांनी काढलेल्या कन्सोलसाठी ती तोवर संपलेली असते.